सांडपाण्याचं पुस्तक लिहिणारी कंपनी

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत 'मेटकाफ अँड एडी'ची एकच प्रत होती. ती घरी नेता यायची नाही. मग लायब्ररीत बसून हवी ती पानं मार्क करायची, आयकार्ड ठेवून पुस्तक खाली झेरॉक्सवाल्याकडे न्यायचं आणि अर्ध्या तासात परत आणायचं. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला 'एन्व्हायर्नमेंटल' घेतलेल्या प्रत्येकाकडे या पुस्तकाचा स्वतःचा एक तुकडा असायचा. माझ्याकडे ॲक्टिव्हेटेड स्लजचं प्रकरण होतं, मैत्रिणीकडे सेटलिंग टँकचं. परीक्षेच्या आदल्या रात्री तुकड्यांची देवाणघेवाण चाले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "पुस्तक कोणाचं वाचलंस?" मी म्हटलं, "मेटकाफ आणि एडी यांचं." ते हसले. "दोघांना जाऊन किती वर्षं झाली माहितीये? अगं, ते लेखक नाहीत. ती कंपनी आहे."

मला वाटायचं, जसे गर्ग सर तसे मेटकाफ सर आणि एडी सर. दोघं कुठल्यातरी अमेरिकन विद्यापीठात शेजारशेजारच्या केबिनमध्ये बसत असतील. एखादी कन्सल्टिंग कंपनी, म्हणजे फी घेऊन सल्ला देणारं ऑफिस, जगभरच्या पोरांना गटारशास्त्र शिकवते हे डोक्यात बसायला वेळ लागला. पुढे मी स्वतः अशाच, पण फार लहान, ऑफिसांमध्ये वीसेक वर्षं काढली. तेव्हापासून या कंपनीचा इतिहास जमेल तिथून वाचत आले. त्यातला काही इथे सांगते. शेवटी तो मुंबईपर्यंत येतो, आणि थोडा माझ्यापर्यंतही.

सुरुवात एका गावाच्या खालच्या अंगाला होते.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे तारेचे मोठे कारखाने होते. अमेरिकेतल्या कुरणांना जे काटेरी कुंपण पडलं, त्याची बरीचशी तार इथली. तार ओढण्याआधी लोखंड आम्लात बुडवून गंज काढतात. ते वापरलेलं आम्ल आणि पंच्याऐंशी हजार लोकांचा मैला हे सगळं ब्लॅकस्टोन नावाच्या लहानशा नदीत जायचं. नदी पुढे मिलबरी गावातून वाहायची. मिलबरीच्या लोकांनी तक्रारी केल्या, ओरडा केला, आणि १८८६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला: वूस्टरने चार वर्षांच्या आत सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावं. एका शहराचं नाव घेऊन केलेला असा कायदा. आपल्याकडे पंचगंगेच्या किंवा मुठेच्या खालच्या गावांतल्या लोकांना हे ऐकून हेवा वाटेल.

१८९० मध्ये वूस्टरचा प्लांट सुरू झाला. पद्धत साधी होती: सांडपाण्यात चुना घालायचा, गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी सोडून द्यायचं. कारखान्यांच्या आम्लात लोह भरपूर असल्यामुळे चुन्याचं काम आणखी सोपं व्हायचं. मात्र गाळ प्रचंड निघायचा. या प्लांटचा कारभार लवकरच एका विशीतल्या पोराकडे आला. त्याचं नाव हॅरिसन प्रेस्कॉट एडी. १८७० चा जन्म, वूस्टरच्याच पॉलिटेक्निकमधून १८९१ ला बाहेर पडलेला, मूळचा रसायनवाला. आणि जन्मगाव मिलबरी.

ज्या गावाच्या नाकात वूस्टरची घाण जात होती, त्याच गावचा मुलगा वूस्टरच्या घाणीचा कारभारी झाला. त्याला याचं काय वाटत होतं हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. पण पंधरा वर्षं तो तिथेच राहिला. रोज नमुने घ्यायचे, तपासायचे, नोंदी ठेवायच्या. नंतर वाळूचे गाळणी-थर टाकले गेले, त्यांच्याही नोंदी. शाळेत विज्ञानाच्या वहीत आपण जे 'निरीक्षण' आणि 'अनुमान' लिहायचो, त्यातल्या निरीक्षणाच्या रकान्यात या माणसाचं तारुण्य गेलं.

त्या काळी मॅसॅच्युसेट्स हे या धंद्याचं माहेरघर होतं. जवळच लॉरेन्स गावात राज्याच्या आरोग्य मंडळाने १८८७ मध्ये प्रयोगकेंद्र उघडलं होतं. घाण पाण्यातले जिवाणू ती घाण खातात, त्यांना हवा आणि वेळ दिला की पाणी सुधारतं, हे तिथल्या टाक्यांमध्ये मोजून पाहिलं जात होतं. पुढे १९१२ मध्ये इंग्लंडहून गिल्बर्ट फाउलर ते बघायला गेला, मँचेस्टरला परतून त्याने सहकाऱ्यांना कामाला लावलं, आणि १९१४ मध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ॲक्टिव्हेटेड स्लजची पद्धत जाहीर केली. आज जगातले बहुतेक मोठे प्लांट तिच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात. हाच फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आला. म्हणजे त्या साखळीचं एक टोक आपल्याकडे फार लवकर पोचलं होतं. पण तो वेगळा लेख होईल.

लिओनार्ड मेटकाफ हा दुसरा. तोही १८७० चा, पण एमआयटीचा पदवीधर, आणि त्याचं बॉस्टनमध्ये सल्लागार म्हणून स्वतःचं काम होतं. त्याची हातोटी वेगळ्या गोष्टीत होती. खाजगी पाणी कंपन्या शहरं विकत घेत होती, तेव्हा प्रश्न यायचा की जुन्या पाइपांची, पंपांची, चालत्या धंद्याची किंमत किती धरायची? मेटकाफ ती काढून द्यायचा. १९११ मध्ये त्याने एका सहकाऱ्याबरोबर नेमक्या याच विषयावर निबंध लिहिला. एकाला गाळ कळत होता, दुसऱ्याला पैसा. १९०७ मध्ये दोघांनी बॉस्टनला भागीदारी केली.

असं ऑफिस त्या काळी नवीन होतं. शहराच्या नोकरीतला इंजिनिअर एका शहराचा असतो. त्याला एकाच नदीचा अनुभव येतो, आणि महापौर बदलला की त्याची खुर्ची डळमळते. सल्लागार दहा शहरं बघतो, आणि एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी टाळतो. शिवाय बाहेरचा असल्यामुळे खरं बोलू शकतो, निदान तशी अपेक्षा असते. ही अपेक्षा लक्षात ठेवा.

भागीदारीला सात वर्षं झाल्यावर त्यांनी जे केलं ते मला आजही धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचं वाटतं. आपल्याला जे येतं ते सगळं त्यांनी छापून टाकलं. 'अमेरिकन स्युअरेज प्रॅक्टिस' या नावाचे तीन खंड १९१४-१५ मध्ये आले. पहिला गटारं कशी आखायची, दुसरा ती कशी बांधायची, तिसरा सांडपाण्याचं काय करायचं. वूस्टरच्या नोंदी, दुसऱ्या शहरांचे अनुभव, तक्ते, आकृत्या, खर्च, सगळं त्यात. कोणताही सल्लागार आपले आकडे कुलपात ठेवतो. मी ज्या ऑफिसांत काम केलं तिथे जुन्या प्रोजेक्टची एक्सेल शीट पासवर्ड घालून ठेवायचे, आणि नोकरी सोडणारा माणूस पेनड्राइव्ह घेऊन जातोय का यावर लक्ष असायचं.

पण वेडेपणा नव्हता तो. पुस्तक वाचून बाहेर पडणारी पोरं पुढे नगरपालिकांत, आरोग्य खात्यांत, राज्यांच्या मंडळांत बसणार होती. काम द्यायची वेळ आली की त्यांना पहिलं नाव कोणाचं आठवणार? १९२२ मध्ये कॉलेजांसाठी एक खंडाची सुटसुटीत आवृत्ती आली आणि ते नाव पाठ्यक्रमातच जाऊन बसलं. जाहिरातीवर एवढा खर्च करून इतका परिणाम कोणी मिळवला नसेल.

मेटकाफ १९२६ मध्ये गेला. एडी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या राष्ट्रीय संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १९३७ मध्ये गेला. त्याचा मुलगा ऑफिसात होताच. मधली दोन-तीन दशकं मी पटकन ओलांडते: महामंदीतली सरकारी बांधकामं, युद्ध, युद्धानंतर वाढलेली उपनगरं. कामं येत राहिली, ऑफिस मोठं होत गेलं.

खरी उडी कायद्याने मारायला लावली. १९७२ मध्ये अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. प्रत्येक शहराने सांडपाण्यावर 'सेकंडरी' प्रक्रिया करायलाच हवी, आणि प्लांटच्या खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र सरकार देईल, असं त्यात होतं.

इथे दोन शब्द समजून घ्या, पुढे लागतील. प्रायमरी म्हणजे सांडपाणी टाकीत शांत उभं करायचं आणि जड घाण खाली बसू द्यायची. यात घाणीचा साधारण एक तृतीयांश भार जातो. सेकंडरी म्हणजे त्या पुढची पायरी: हवा भरून जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून विरघळलेली घाण खाववायची. यात ८५ टक्के किंवा जास्त भार जातो. हा 'भार' बीओडी या मापाने मोजतात, म्हणजे जिवाणूंना ती घाण खाताना किती ऑक्सिजन लागला ते. पाण्यातला ऑक्सिजन संपला की मासे मरतात आणि पाणी सडतं. सेकंडरीला जागा, वीज आणि पैसा तिन्ही भरपूर लागतं.

तर कायदा झाला आणि हजारो शहरांना एकाच वेळी प्लांट हवे झाले. प्लांटला डिझाइन हवं, डिझाइनला सल्लागार हवा. एका बाजूने कायदा ढकलतोय, दुसऱ्या बाजूने सरकार पैसे देतंय. पर्यावरणाचा सल्ला देणाऱ्या कंपन्या जगात कुठेही याच दोन गोष्टींवर वाढल्या आहेत. निसर्गप्रेमावर वाढलेली मी तरी पाहिली नाही. आपल्याकडे १९७४ चा जल कायदा आला, १९९४ मध्ये पर्यावरण परिणाम अहवाल सक्तीचा झाला, आणि मग पुण्या-मुंबईत, नागपुरात गल्लोगल्ली 'एन्व्हायरो' नावाची ऑफिसं उघडली. माझी पहिली नोकरी त्यातल्याच एकातली.

त्याच १९७२ मध्ये पुस्तक नव्याने लिहिलं गेलं. हे काम कॅलिफोर्नियातले प्राध्यापक जॉर्ज चोबानोग्लस यांनी केलं. आम्ही झेरॉक्स मारलेलं ते या नव्या पुस्तकाच्या वंशातलं. त्याच्या आवृत्त्यांची उपशीर्षकं एकाखाली एक ठेवून बघा. १९१५ चा जुना खंड होता 'सांडपाण्याची विल्हेवाट' या अर्थाचा. १९७२ ला झालं 'गोळा करणं, प्रक्रिया, विल्हेवाट'. १९७९ ला 'प्रक्रिया, विल्हेवाट, पुनर्वापर'. २००३ ला विल्हेवाट गेली, राहिलं 'प्रक्रिया आणि पुनर्वापर'. आणि पाचव्या आवृत्तीत 'प्रक्रिया आणि संसाधन-प्राप्ती'. शंभर वर्षांत ज्या वस्तूपासून सुटका हवी होती ती वस्तू खाण झाली.

आता मुंबई.

१९७९ मध्ये मुंबईच्या सांडपाण्याचा मास्टर प्लॅन तयार झाला, तो मेटकाफ अँड एडीने केला. शहराचे सात विभाग: कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. तुम्ही मुंबईत राहत असाल तर तुमच्या फ्लशचं पाणी आजही याच सातांपैकी एका विभागात मोजलं जातं. जागतिक बँकेच्या कर्जातून टप्प्याटप्प्याने कामं झाली. त्यातलं सर्वांत मोठं म्हणजे वरळी आणि वांद्र्याचे सागरी पातमुख, समुद्राच्या तळाखालून तीन किलोमीटरहून जास्त आत गेलेले बोगदे. सांडपाणी चाळायचं, वाळू-कचरा काढायचा, आणि उरलेलं खोल समुद्रात सोडून द्यायचं. भरती-ओहोटी त्याला पातळ करेल, जिवाणू उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने मरतील. वरळी १९९९ मध्ये सुरू झालं, वांद्रे त्यानंतर चारेक वर्षांनी.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला रागच आला. अमेरिकन कंपनी स्वतःच्या देशात सेकंडरी बांधते आणि आपल्याला सांगते समुद्रात सोडा! ऑफिसात चहाच्या वेळी मी हे तावातावाने बोलले. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ इंजिनिअर, त्यांना सगळे 'काका' म्हणायचे, त्यांनी शांतपणे विचारलं, "त्याच साली ती कंपनी बॉस्टनला काय सांगत होती ते बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. मग बघितलं.

बॉस्टन, म्हणजे कंपनीचं घरचं गाव. तिथे बंदरात दोन प्लांट होते: नट आयलंड १९५२ चा आणि डिअर आयलंड १९६८ चा. दोन्ही फक्त प्रायमरी. त्यात गंमत अशी की प्रायमरीत वेगळा काढलेला गाळ परत ओहोटी बघून बंदरातच सोडून द्यायचे. आधी काढायचा, मग तिथेच टाकायचा. नवीन कायद्याने सेकंडरी सक्तीची झाली होती, पण १९७७ मध्ये त्यात एक पळवाट घातली गेली: किनाऱ्यावरची शहरं सवलत मागू शकतात, खोल समुद्रात सोडल्याने नुकसान होत नाही हे सिद्ध केलं तर. बॉस्टनच्या प्लांटचा कारभार बघणाऱ्या संस्थेने १९७९ मध्ये ही सवलत मागितली. तो जाडजूड अर्ज तयार केला मेटकाफ अँड एडीने.

म्हणजे त्याच वर्षी, बॉस्टनला आणि मुंबईला, कंपनी साधारण एकच गोष्ट सांगत होती. काका म्हणाले, "अन्याय झाला म्हणतेस, तर निदान सारखा झाला."

पुढे मात्र दोन शहरांचे रस्ते वेगळे झाले, आणि तेही कंपनीमुळे नाही. १९८२ मध्ये बॉस्टनशेजारच्या क्विन्सी शहराचा सरकारी वकील विल्यम गोल्डन वोलस्टन किनाऱ्यावर सकाळी पळायला गेला होता. पायाखाली काहीतरी मऊ लागलं. ते सांडपाण्यातून आलेलं होतं, आणि पुढे सगळा किनारा तसाच. त्याने शहरातर्फे खटला भरला. एक पर्यावरणवादी संघटना केंद्रीय न्यायालयात गेली. १९८५ मध्ये सवलतीचा अर्ज कायमचा फेटाळला गेला, आणि न्यायाधीश डेव्हिड मझोन यांनी बंदर साफ करण्याचं वेळापत्रकच घालून दिलं. ते काम करायला एक नवी संस्था आधीच उभी झाली होती. १९८८ च्या निवडणुकीत थोरल्या बुश यांनी बॉस्टनच्या घाणेरड्या बंदरात बोटीतून फिरून प्रतिस्पर्धी डुकाकिस यांची फजिती केली. डुकाकिस त्याच राज्याचे गव्हर्नर.

नवा डिअर आयलंड प्लांट उभा राहिला. अंड्याच्या आकाराच्या बारा उंच टाक्या, विमान उतरताना दिसतात. बंदरात गाळ सोडणं १९९१ च्या डिसेंबरमध्ये थांबलं. समुद्राखालून साडेनऊ मैलांचा, म्हणजे पंधरा किलोमीटरचा बोगदा खणला गेला. तो उघडण्याच्या तयारीत १९९९ मध्ये दोन पाणबुडे आत गुदमरून मेले. सप्टेंबर २००० मध्ये बोगदा सुरू झाला. एकूण खर्च ३.८ अब्ज डॉलर, आणि त्याचा मोठा वाटा लोकांच्या पाणीपट्टीतून.

या नव्या प्लांटच्या डिझाइनची मुख्य जबाबदारी कोणाकडे होती? मेटकाफ अँड एडीकडे.

इथे मी बरेच दिवस अडकले होते. सेकंडरीची गरज नाही असा अर्ज ज्यांनी लिहिला, त्यांनीच काही वर्षांत सेकंडरी प्लांट बांधला. दोन्ही वेळी फी घेतली. याला ढोंग म्हणायचं का? सरळ तसं म्हणवत नाही. सवलतीचा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. खोल समुद्रात पातळ होणं हे खरंच घडतं, म्हणून तर शेवटी प्रक्रिया केलेलं पाणीही पंधरा किलोमीटर आतच सोडलं. अर्जात खोटे आकडे होते असंही कोणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. फक्त अशिलाला जो प्रश्न हवा होता, त्याचंच उत्तर दिलं गेलं. 'बंदर साफ कसं होईल' हा प्रश्न कोणी फी देऊन विचारलाच नव्हता. तो विचारला पाय घाणीत पडलेल्या एका माणसाने.

मला हे इतकं टोचलं त्याचं कारण माझ्या कपाटातली एक फाइल आहे.

नदीकाठची एक नगरपरिषद, नाव सांगत नाही. मलनिःसारण योजनेचा प्रकल्प अहवाल, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात, तो आमच्या ऑफिसकडे आला. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या काढायला तीन-चार पद्धती असतात, प्रत्येकीचं उत्तर वेगळं येतं. ते तपासून, गावाकडे बघून, एक निवडायचं. त्या गावातली तरुण पोरं पुण्याला निघून चालली होती, हे मला तिथे दोन दिवस फिरूनच कळलं होतं. मी मधला आकडा घेतला. साहेबांनी तो खोडून सर्वांत मोठा घातला. "योजना मोठी झाली तर अनुदान मोठं येईल, परिषद खूश. आपली फी टक्क्यांवर आहे, आपण खूश. पुढे गाव वाढलं तर? कमी पडण्यापेक्षा बरं." यातलं शेवटचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं. म्हणूनच मी सही केली.

प्लांट झाला. पाच वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेले होते, म्हणून मुद्दाम वाकडी वाट केली. टाक्या मोठ्या आणि सांडपाणी थोडं. जिवाणूंना खायला पुरत नव्हतं, त्यामुळे ते नीट वाढतच नव्हते. आणि एवढ्या मोठ्या टाकीत हवा भरायचं वीजबिल परिषदेला झेपत नव्हतं, म्हणून ब्लोअर दिवसातून काही तासच चालायचे. ऑपरेटरने मला चहा पाजला. मी कोण हे त्याला सांगितलं नाही. पाइपमधून नदीत पडणाऱ्या पाण्याचा रंग मी बघितला, वासावरूनच बाकीचं कळलं.

कोणी खोटं लिहिलं नव्हतं. एका पुस्तकी पद्धतीने आलेला आकडा होता तो.

तर बॉस्टनच्या अर्जाबद्दल मी आता तावातावाने बोलत नाही.

कंपनीची पुढची गोष्ट थोडक्यात. १९८० च्या दशकात ती स्वतंत्र राहिली नाही. प्रदूषण-नियंत्रणाची यंत्रं बनवणाऱ्या एका समूहात गेली, आणि तो समूह पुढे फ्रान्सच्या बलाढ्य पाणी कंपनीच्या ताब्यात गेला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मेटकाफ अँड एडीवर परदेशी लाचविरोधी कायद्याखाली दिवाणी दावा लावला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात अमेरिकी मदतीच्या पैशातून सांडपाण्याची कामं चालू होती. तिथल्या मलनिःसारण संस्थेच्या प्रमुखाला सहकुटुंब अमेरिकेची आणि पॅरिसची सफर घडवली, ऑरलँडोसह, विमानाचं तिकीट वरच्या वर्गाचं, आणि दैनिक भत्ता अंदाजाच्या दीडपट, तोही आगाऊ, असा आरोप होता. कंपनीने तडजोड केली: चार लाख डॉलर दंड आणि वर पन्नास हजार तपासाचा खर्च. आपल्याकडे साइट व्हिजिटला 'साहेबांची गाडी आणि जेवण' सांभाळलेल्या कोणालाही यात नवीन काही वाटणार नाही. मला नवीन वाटलं ते एवढंच की त्याचा दावा झाला.

पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, एकॉम या महाकाय कंपनीने मेटकाफ अँड एडी विकत घेतली. हळूहळू दारावरची पाटी गेली. चौथ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर नुसतं 'मेटकाफ अँड एडी' होतं, पाचव्यावर त्याला 'एकॉम' जोडलेलं आहे. म्हणजे माझ्या परीक्षक सरांचं वाक्य आता उलटं झालं. ती कंपनी उरली नाही, पुस्तकाचं नाव उरलं.

पुस्तक मी अजून वापरते, पण एका गोष्टीने ते मला रोज परकं असल्याची आठवण करून देतं. त्यात बीओडीची चाचणी पाच दिवसांची, वीस अंश सेल्सिअसला. आपल्या मानकात ती तीन दिवसांची, सत्तावीस अंशांना, कारण आपलं पाणी कोमट आणि आपले जिवाणू घाईचे. पहिल्या वर्षी मी दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी टाकले होते. काकांनी लाल पेनने गोल केला आणि बाजूला लिहिलं, "हवामान कुठलं?"

मुंबईत तोच प्रश्न वेगळ्या रूपात राहिला. आपल्या नियमांत नदी-तलावात सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि किनाऱ्याच्या समुद्राला १००. समुद्र मोठा आहे, सहन करेल, हे गृहीत त्या आकड्यातच आहे. दादरच्या चौपाटीवर भरतीनंतर जे येऊन पडतं ते बघितलेल्या माणसाला हे गृहीत पटवून देणं अवघड आहे. अर्थात त्यातलं बरंच पातमुखातून येतच नाही. गटारांना न जोडलेल्या वस्त्यांतून नाल्यांनी येतं. मास्टर प्लॅन गटारात शिरलेल्या पाण्याचा असतो. न शिरलेल्याचा नसतो.

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सात नव्या मलजल प्रक्रिया प्रकल्पांचं भूमिपूजन झालं: वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर, खर्च सुमारे १७,२०० कोटी. १९७९ च्या यादीशी ताडून बघा, नावं बहुतेक तीच आहेत.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, मेटकाफ-एडीची कुठली आवृत्ती वापरू?" तिच्या मोबाइलवर पाचव्या आवृत्तीची पीडीएफ होती, कुठून आली ते मी विचारलं नाही. तिच्या हातात एका लहान गावाचा डीपीआर होता. मी तिला म्हटलं, आवृत्ती कुठलीही घे, आधी गावात जाऊन दोन दिवस राहा. ती गेली. परत आल्यावर तिने लोकसंख्येचा मधला आकडा घातला आणि पान माझ्यासमोर ठेवलं. वरच्या साहेबांकडे ते अजून पोचायचंय.